चिठ्ठीवरच्या दोन ओळी

डॉक्टरांनी तपासणीसाठी दिलेली चिठ्ठी मी पूर्वी कधी वाचत नसे. घडी घालून पर्समध्ये टाकायची, सेंटरच्या खिडकीवर द्यायची, पैसे भरायचे आणि नंबर येईपर्यंत बसायचं. उजव्या कानासाठी माझे दोन सीटी स्कॅन झाले, चार महिन्यांच्या अंतराने. कान तोच होता, आणि त्याच्या हाडातलं भोकही तेच. पहिल्या रिपोर्टमध्ये ते भोक नव्हतं, दुसऱ्यात होतं. दोन्ही वेळच्या चिठ्ठ्या मात्र वेगळ्या होत्या. त्या चार महिन्यांत माझ्यासारखाच त्रास झालेल्या कुणाचं तरी मराठीतलं लिखाण मी शोधत होते. ते मिळालं नाही, म्हणून आता मीच लिहिते आहे.

मी दादरच्या एका शाळेत सातवी-आठवीला मराठी शिकवते, राहायला डोंबिवलीला. २०२२च्या जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मला मोठा खोकला झाला होता, रात्र रात्र जाणारा. खोकला बरा झाला आणि वर्गात पहिल्यांदा मोठ्याने कविता वाचायला घेतली, तर माझाच आवाज उजव्या कानात घुमायला लागला. रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलावं तसा. सर्दीने कान बसला असेल, असं वाटलं. पण सर्दी गेली तरी घुमणं राहिलं. मग चालताना टाच टेकली की डोक्यात धप्प आवाज. चकली खाल्ली तर समोरचा माणूस काय बोलतोय ते कळेना. आणि एका रात्री, घरात सगळे झोपलेले असताना, वह्या तपासत होते तेव्हा कानात बारीक सर्र सर्र ऐकू आलं. मी थांबले, ते थांबलं. ओळीवरून नजर फिरवली की पुन्हा सर्र. माझे डोळे खोबणीत हलल्याचा तो आवाज होता.

हे मी कुणाला सांगणार? नवऱ्याला सांगितलं तर तो काही क्षण नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "तू दमलीयस."

दुसरीकडे बाहेरचं ऐकू येणं कमी झालं होतं. फोन उजव्या कानाला लावला तर पुरुषांचा आवाज पुटपुटल्यासारखा यायचा. स्वतःच्या शरीरातलं नको इतकं ऐकू येतंय आणि जगातलं कमी, हे एकाच कानात कसं असेल, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. डॉक्टरांना विचारायचं धाडस झालं नाही. तिथे गेलं की आपण "कमी ऐकू येतं आणि चक्कर येते" एवढंच बोलतो, कारण बाहेर वीस माणसं बसलेली असतात.

चक्करही वेगळीच होती. अनंत चतुर्दशीला मी गिरगावात माहेरी होते. चाळीच्या गॅलरीतून विसर्जनाची मिरवणूक बघायची ही आमची लहानपणापासूनची जागा. ढोल-ताशाचं पथक अगदी खाली आलं आणि ताशाच्या प्रत्येक ठोक्याला समोरची इमारत वर सरकून तिरकी व्हायला लागली. मी कठडा दोन्ही हातांनी धरला. ताशा थांबला, इमारत जागेवर आली. पुढे घरी कुकरची शिट्टी झाली की ओटा हलायचा, डोंबिवलीच्या फलाटावर गाडीचा हॉर्न वाजला की मी खांबाला टेकून उभी राहायचे. नाक जोरात शिंकरलं, भरलेली बादली उचलली तरी तेच.

घराजवळच्या डॉक्टरांनी मळ काढला, थेंब दिले. मग स्टेशनजवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. चक्कर म्हटल्यावर त्यांनी आधी मेंदूचा एमआरआय करून घेतला, हाताच्या शिरेत औषध देऊन. नॉर्मल आला. हा एमआरआय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. एका कानाने कमी ऐकू येत असेल तर ऐकण्या-तोलाच्या नसेवर गाठ नाही ना, हे बघायलाच हवं, आणि त्यासाठी एमआरआयच लागतो. पण एमआरआयमध्ये हाड काळं दिसतं, त्याच्या बारीक कडा नीट कळत नाहीत, हे मला खूप नंतर समजलं. मी "नॉर्मल" शब्द वाचून घरी आले आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. त्यानंतर काही महिने चक्करेसाठीच्या बीटाहिस्टीनच्या गोळ्या, मानेचा पट्टा, आणि "या वयात बायकांना होतं" हे वाक्य. सेहेचाळीस वर्षांची होते मी. ते वाक्य मला आजही लागतं. ते ऐकल्यावर पुढचं काही सांगावंसंच वाटेनासं होतं.

२०२३च्या फेब्रुवारीत दुसऱ्या एका खासगी रुग्णालयातल्या सर्जननी श्रवणचाचणी केली. उजव्या कानात खालच्या सुरांना ४० डेसिबलची घट. पडदा स्वच्छ, आतली नस चांगली. म्हणजे पडदा आणि नस यांच्या मधे कुठेतरी आवाज अडतोय. कानात तीन चिमुकली हाडं असतात, हातोडी, ऐरण आणि रिकीब. त्यातली रिकीब नवीन हाड वाढून जागेवरच घट्ट बसते, त्याला ओटोस्क्लेरोसिस म्हणतात. त्यांनी तेच निदान केलं. ऑपरेशन करून रिकिबीच्या जागी पिस्टन, म्हणजे एक इवलासा कृत्रिम दांडा, बसवायचा. त्याआधी सीटी स्कॅन. चिठ्ठीवर काय होतं ते मी नंतर फाइलमध्ये पाहिलं. इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ एवढाच: "उजवा कान, ऐकण्यात घट, ओटोस्क्लेरोसिस?" रिपोर्टमध्ये उत्तर आलं, ओटोस्क्लेरोसिसची खूण नाही, बाकी नॉर्मल. सर्जन म्हणाले, "स्कॅनमध्ये प्रत्येक वेळी दिसतंच असं नाही." तेही खरंच आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीतली, मेमधली तारीख ठरली.

ते ऑपरेशन झालं नाही, याचं श्रेय आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना. शिक्षकांच्या खोलीत मी डबा खात होते आणि सवयीने उजवा कान तळव्याने दाबून धरला होता. त्यांनी विचारलं, "चावताना दुखतं का?" मी म्हटलं, "दुखत नाही, आवाज होतो." मग एक एक करत सगळं बाहेर आलं, डोळ्यांचंसुद्धा. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधी अजून एका माणसाला दाखव. आणि हे सगळं असंच सांग, जसं मला सांगितलंस."

परळच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी साडेसातला रांग लावली. नंबर साडेबाराला लागला. डॉक्टरबाई वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. मी बाईंनी सांगितल्याप्रमाणे सगळं सांगितलं आणि डोळ्यांच्या आवाजापाशी आले तेव्हा त्यांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. मला वाटलं, आता मानसोपचाराची चिठ्ठी मिळणार. त्यांनी ट्यूनिंग फोर्क उचलला, कोपरावर आपटला आणि माझ्या पायाच्या घोट्याच्या हाडावर टेकवला.

"ऐकू येतंय?"

येत होतं. घोट्यावरचा तो गुणगुणता सूर थेट उजव्या कानात वाजत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझं म्हणणं खरं असल्याचा पुरावा नऊ महिन्यांनी पहिल्यांदा माझ्या शरीराबाहेर आला होता, दुसऱ्या माणसाच्या हातात.

त्यांनी जुना श्रवण-आलेख हातात घेतला आणि बोट ठेवून दाखवलं. हवेतून ऐकण्याची रेष खाली घसरलेली होती, ती सगळ्यांनी पाहिली होती. पण हाडातून ऐकण्याची रेष शून्याच्या वर, उणे दहावर गेली होती. "इतकं चांगलं ऐकू येणंच मला खटकतंय," त्या म्हणाल्या. ऑडिओमेट्री, म्हणजे तीच श्रवणचाचणी, नव्याने करायला सांगितली, आणि सोबत इम्पीडन्स आणि रिफ्लेक्स, म्हणजे कानाचा पडदा आणि आतला स्नायू कसे हलतात ते बघणारी चाचणी. ती आधी झाली नव्हती, फेब्रुवारीत श्रवणचाचणी झाली तिथे त्या दिवशी मशीन बंद होतं आणि नंतर कुणी ती पुन्हा मागितली नाही.

मी वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत गेले. ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची ही राष्ट्रीय संस्था १९८३ पासून मुंबईत आहे आणि मी इतकी वर्षं तिच्यासमोरून बसने गेलेय, आत काय चालतं ते ठाऊक नव्हतं. रिफ्लेक्सची चाचणी पाच मिनिटांची. मोठा आवाज झाला की रिकिबीला जोडलेला एक इवलासा स्नायू तिला ओढून धरतो. रिकीब जाम झाली असेल तर ही ओढ नोंदली जात नाही. माझी नोंदली गेली, दोन्ही कानांत, अगदी व्यवस्थित. म्हणजे रिकीब मोकळी होती. मे महिन्यात जी काढून तिथे पिस्टन बसवणार होते, ती रिकीब चांगली होती.

मग व्हेम्प नावाची चाचणी झाली. मानेवर चिकटपट्टीचे इलेक्ट्रोड, मान वळवून धरायची, कानात टक टक आवाज, आणि त्या आवाजाला मानेचा स्नायू किती दचकतो ते मोजायचं. डाव्या कानाला ९५ डेसिबलला मिळालेला प्रतिसाद उजव्याने ७० लाच दिला. डॉक्टरबाईंनी दुसऱ्या सीटीची चिठ्ठी लिहिली. या वेळी मी ती जिन्यातच उघडून वाचली. जुन्या चिठ्ठीवर एक ओळ होती, हिच्यावर तीन. कानाच्या हाडांचा एचआरसीटी, म्हणजे बारीक कापांचा सीटी, हे पहिल्या ओळीत. पुढच्या दोन ओळींत माझा स्वतःचा आवाज घुमतो, मोठ्या आवाजाने चक्कर येते, हाडातून ऐकणं उणे दहा, रिफ्लेक्स हजर, आणि शेवटी: वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेचं छप्पर पाहावं, त्या नलिकेच्या प्रतलात प्रतिमा काढाव्यात. ही नलिका म्हणजे आतल्या कानातली, तोल सांभाळणारी.

सेंटरवर मंगळसूत्र, कानातलं, केसांच्या पिना काढून ठेवल्या. डोकं कपाळपट्टीने धरून ठेवलं. सुई नाही, औषध नाही, पाच मिनिटांत संपलं. पण तिथल्या रेडिओलॉजिस्टनी चिठ्ठी वाचून मला आत बोलावलं आणि आधीच्या स्कॅनची सीडी मागितली. ती मी नेली होती. त्यांनी ती लावली, थोडा वेळ पाहिली आणि मान हलवली. स्कॅन म्हणजे कानाच्या एकामागून एक कापांची चित्रं, आणि सीडीवर फक्त जाड काप होते. मूळ बारीक काप त्या ठिकाणी साठवूनच ठेवलेले नव्हते. जाड कापात दोन्ही चुका होतात, ते म्हणाले, पातळ हाड नसल्यासारखं दिसू शकतं आणि खरंच नसलेलं नजरेतून सुटू शकतं. शिवाय आडवे काप त्या छपराला समांतर जातात, तेव्हा नेमकं छप्परच दोन कापांच्या मधून निसटतं.

मी शिक्षिका आहे हे कळल्यावर त्यांनी मला फार छान समजावलं. मातीच्या गोळ्यात एक बांगडी तिरकी रुतलेली आहे असं समजा. गोळा आडवा कापला तर बांगडीचे दोन ठिपके दिसतील, बाकी काही नाही. बांगडी ज्या कलाने रुतली आहे त्याच कलाने सुरी घातली तर अख्खी बांगडी एका कापात मिळेल, आणि ती कुठे तुटली असेल तर तेही. वरची नलिका कवटीत साधारण ४५ अंशांत तिरकी असते. त्यांनी ०.६ मिलिमीटरच्या कापांवरून संगणकावर तो कल धरला आणि पडद्यावर माझ्या डाव्या कानातली बांगडी आली. काळ्या नलिकेभोवती पांढऱ्या हाडाची गोल कड, वरच्या टोकाला जरा पातळ, पण पूर्ण. मग उजवी आणली. कड वर चढत चढत आली आणि थांबली. पुढे चार मिलिमीटर काहीच नव्हतं. त्याच्या वर थेट मेंदूचं आवरण. मग कड पुन्हा सुरू.

मी त्या चार मिलिमीटरकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. ताशाच्या ठोक्याने हललेली इमारत, कुकर, सातवीच्या वर्गातली कविता, सगळं त्या फटीतून येत-जात होतं.

डॉक्टरबाईंनी नंतर कारण सांगितलं. आतल्या कानाला दोनच खिडक्या असाव्या लागतात. एकीतून रिकीब आवाजाचा धक्का आत देते, दुसरी त्या धक्क्याला बाहेर फुगायला वाव देते, आणि मधला सगळा जोर ऐकण्याच्या शंखाला मिळतो. तोलाच्या नलिकेच्या छपराला भोक पडलं की तिसरी खिडकी तयार होते. बाहेरून आलेल्या आवाजाचा काही जोर, विशेषतः खालच्या सुरांचा, तिथून निसटतो, म्हणून कमी ऐकू येतं. तो निसटताना तोलाच्या नलिकेतलं पाणी हलवतो, म्हणून डोळे आपोआप वर आणि तिरके फिरतात आणि इमारत सरकल्यासारखी वाटते. आणि शरीरातून, हाडांतून येणारे आवाज त्याच खिडकीमुळे उलट जास्त जोराने शंखापर्यंत पोचतात. एकाच कानात जास्त आणि कमी कसं, या माझ्या पहिल्या दिवसाच्या प्रश्नाचं हे उत्तर होतं. प्रश्न बरोबर होता. मी तो विचारायला हवा होता.

या दुखण्याचं नाव सुपिरियर सेमिसर्क्युलर कॅनल डिहिसन्स. पिएत्रो तुलिओ या इटालियन शास्त्रज्ञाने कबुतरांच्या नलिकांना भोकं पाडून आवाजाने त्यांचा तोल जातो हे दाखवलं होतं, त्याचं पुस्तक १९२९चं. पण माणसात हे भोक आपोआप असू शकतं आणि सीटीवर दिसतं, हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या लॉइड मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८मध्ये मांडलं. त्यांनीच पुढे मृत्यूनंतर जतन केलेली हजार कर्णास्थी तपासली, त्यात साधारण दोनशेत एकाला पूर्ण भोक होतं. अशी माणसं पुष्कळदा काहीही त्रास न होता जगतात. म्हणून नुसत्या स्कॅनवर निदान करत नाहीत, त्रास, व्हेम्प आणि स्कॅन तिन्ही जुळावे लागतात. माझे जुळले.

त्या ओपीडीच्या बाकावर भेटलेल्या एका बाईंचं इथे सांगते. कल्याणहून यायच्या, फुलांचा धंदा. एका कानाने हळूहळू कमी ऐकू येत होतं आणि कानात शिट्टी. त्यांना दोन वर्षं थेंबच मिळाले होते. त्यांचा एमआरआय झाला आणि नसेवर छोटीशी गाठ निघाली, कर्करोगाची नव्हे. त्यांना एमआरआय हवा होता आणि दोन वर्षं मिळाला नव्हता, मला तो मिळाला होता आणि हवा होता सीटी. आम्ही दोघी आपापल्या फाइली मांडीवर घेऊन बसलो होतो. त्यांनी मला ओंजळभर मोगरा दिला.

ऑपरेशन प्रत्येकाने करायलाच हवं असं नाही. मोठे आवाज टाळून, कानात बोळा घालून राहणारे आहेत. मला वर्गात उभं राहून मोठ्याने वाचायचं होतं. दोन रस्ते होते, एक कवटी उघडून मेंदू हळूच वर उचलून, दुसरा कानामागच्या हाडातून. माझ्या शरीररचनेला दुसरा चालणार होता. ऐकणं आणखी कमी होऊ शकतं, हे त्यांनी मला आणि नवऱ्याला दोनदा सांगितलं आणि मगच सही घेतली. २०२३च्या दिवाळीच्या सुट्टीत झालं. कानामागचं हाड कोरून त्या नलिकेपर्यंत जायचं, भोकाच्या दोन्ही बाजूंना हाडाचा भुगा आणि पातळ पडदा भरून ती बुजवायची. ती नलिका मग कायमची निकामी. तिचं काम बाकीच्यांनी आणि मेंदूने शिकून घ्यायचं.

शुद्धीवर आले तेव्हा खोली फिरत होती. दोन दिवस भिंत धरून चालले. मग व्यायाम, अंगठा समोर धरून त्यावर नजर रोखायची आणि मान हलवायची, दिवसातून पाच वेळा. दीड महिना लोकलने गेले नाही. पण ऑपरेशननंतर तिसऱ्याच दिवशी सकाळी चहाबरोबर टोस्ट आला. मी तो चहात न बुडवता खाल्ला. कुरकुरीत टोस्ट, आणि आवाज तोंडातच राहिला. नवरा समोर बसून काहीतरी सांगत होता, आणि मला ते ऐकू येत होतं.

सहा महिन्यांनी पुन्हा आलेख काढला. खालच्या सुरांची ४० डेसिबलची घट १५वर आली होती. अगदी वरच्या सुरांत थोडं गेलं, ते परत येणार नाही. पुढच्या अनंत चतुर्दशीला मी गिरगावातल्या त्याच गॅलरीत उभी राहिले, दोन्ही कानांत बोळे घालून. पथक आलं, ताशा वाजला. समोरची इमारत जागची हलली नाही. आईने माझा हात मात्र शेवटपर्यंत सोडला नाही.

डाव्या कानाचं छप्पर पातळ आहे. त्रास नाही, तोवर काही करायचं नाही, लक्ष ठेवायचं. त्यासाठी यंदा जानेवारीत पुन्हा स्कॅन झाला. चिठ्ठी मी घरूनच वाचून गेले होते, आणि डॉक्टरांनी न लिहिलेली एक गोष्ट त्यांना फोन करून तिच्यात घालून घेतली होती. स्कॅन झाल्यावर खिडकीवरच्या मुलीने सीडी पुढे केली. मी विचारलं, "बारीक काप सगळे घातलेत ना यात? ०.६चे?" तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, सीडी परत घेतली आणि म्हणाली, "थांबा मॅडम, दुसरी काढून देते."